एकोणिसाव्या शतकातल्या नेत्यांवर शाळेत प्रदर्शन भरवायचंय? पुण्यातल्या वाड्यांपासून वर्गाच्या भिंतीपर्यंत

शाळेत इतिहास शिकवायला नव्याने लागलेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. जयंती जवळ आली की मुख्याध्यापक म्हणतात, "बाई, यंदा जरा वेगळं करा. मुलांना कुठलं तरी संग्रहालय दाखवा आणि आल्यावर प्रदर्शन भरवा." एवढं सांगून ते पुढच्या कामाला लागतात. कुठे न्यायचं, कुणाची परवानगी घ्यायची, भिंतीवर काय लावायचं हे सगळं आपल्यावर येतं. माझी शाळा बारामती तालुक्यात, सुप्याच्या अलीकडे. आठवीच्या मुलांना घेऊन मी चार वेळा पुण्याला जाऊन आले आणि चार प्रदर्शनं भरवली. पहिलं प्रदर्शन अगदीच फसलं. ओळीने आठ फोटो, प्रत्येकाखाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एक सुविचार. पालक आले, दोन मिनिटांत बघून चहाकडे वळले. मुलांनाही त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं. पुढच्या तीन वर्षांत जे शिकले ते इथे क्रमाने देते.

१. नेत्यांची यादी करू नका, वर्षं निवडा

बहुतेक शाळांत "फुले, रानडे, टिळक, आगरकर, गोखले, दादाभाई" अशी यादी होते आणि प्रत्येक गटाला एकेक नेता वाटून दिला जातो. मग प्रत्येक गट आपल्या नेत्याचं कौतुक करतो. ही माणसं एकाच काळात, कधी एकाच शहरात राहत होती, एकमेकांना मदत करत होती, एकमेकांशी कडाडून भांडत होती, हे कुठेच दिसत नाही.

मी आता गटांना वर्षं वाटते. चार वर्षं पुरतात.

१८४८. जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्याच वर्षी लोकहितवादींची, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांची, समाजसुधारणेवरची शतपत्रं 'प्रभाकर' या साप्ताहिकात येऊ लागली.

१८७५. मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्याआधी पाच वर्षं, १८७० मध्ये, पुण्यात लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा स्थापन झाली होती आणि न्यायमूर्ती रानडे तिच्या कामात पुढे होते. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाची स्थापना दोन वर्षांपूर्वीची, २४ सप्टेंबर १८७३ ची. शेतकऱ्याच्या दुःखाचा प्रश्न या सगळ्यांच्या समोर होता, पण प्रत्येकाने त्याचं कारण वेगळं सांगितलं.

१८८२. कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या लिखाणाबद्दल बदनामीचा खटला होऊन आगरकर आणि टिळक मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवस राहिले. या खटल्यात जामीन राहिले रामशेठ उरवणे, जोतीरावांचे स्नेही. जोतीरावांच्या शब्दावर ते पुढे आले. त्याच वर्षी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली आणि ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झालं.

१८९७. प्लेगचं वर्ष. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. २२ जूनला पुण्यातला इंग्रज प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतरच्या महिन्यांत टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. एकाच साथीने दोन घरांत काय केलं, हे मुलांना एका भिंतीवर दिसतं.

अशी मांडणी केली की फुले कोणाचे आणि टिळक कोणाचे, हा आपल्याकडचा नेहमीचा खेळ मुलांच्या मनात उभाच राहत नाही. त्यांना १८८२ चा तुरुंग दिसतो, आणि जामिनाला धावलेला माणूस दिसतो.

२. ठिकाण निवडताना नावावर विसंबू नका

पुण्यात इतिहासाच्या शिक्षकाला चकवणारी एक जागा आहे. घोले रस्त्यावरचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय. नावावरून वाटतं की इथे जोतीरावांच्या वस्तू असतील. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकात औद्योगिक संग्रहालय म्हणून सुरू झालं, पूर्वी लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखलं जायचं, आणि तिथे उद्योग, शेती, हस्तकला, खनिजं, प्राणी असे विभाग आहेत. फार चांगली जागा आहे, मुलं रमतात. पण फुल्यांचं आयुष्य बघायला जायचं असेल तर जायचं ते गंज पेठेत, फुले वाड्यात. एका वर्षी दुसऱ्या शाळेची बस घोले रस्त्यावर उतरलेली मी पाहिली आहे. त्या सरांच्या हातात जोतीरावांवरची प्रश्नपत्रिका होती.

एका दिवसात जमतील अशी ठिकाणं तीन.

फुले वाडा, गंज पेठ. आता या पेठेलाही महात्मा फुल्यांचं नाव आहे. ही राज्य संरक्षित वास्तू आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई इथे राहिले. हे ठिकाण पहिलं ठेवा, सकाळी.

भिडे वाड्याची जागा, बुधवार पेठ, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर. जीर्ण झालेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "बाई, वाडा कुठाय?" हा प्रश्न गर्दीच्या रस्त्यावर येतो. मी रस्त्याच्या या बाजूला उभं राहून पाच मिनिटांत सांगते आणि पुढे जाते.

केसरी वाडा, नारायण पेठ. टिळकांचं बैठकीचं मेज, पत्रं, कागदपत्रं बघायला मिळतात. इथला सापळा पुढे सांगते.

सातारा जिल्ह्यातल्या शाळांनी पुण्याला यायची घाई करू नये. खंडाळा तालुक्यातलं नायगाव, सावित्रीबाईंचं जन्मगाव, तुमच्या हाताशी आहे. कोकणातल्या शाळांना रत्नागिरीत टिळक आळीतलं टिळकांचं जन्मस्थान आहे. मुंबईच्या मुलांनी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावं. १८७२ मध्ये लोकांना खुलं झालेलं हे संग्रहालय उभं राहावं म्हणून भाऊ दाजी आणि नाना शंकरशेठ दोघांनी खटपट केली, म्हणजे ती इमारतच त्या काळाची वस्तू आहे.

३. मुलांना नेण्याआधी एकट्याने जाऊन या

ही पायरी कुणीही गाळू नये. पहिल्या वर्षी मी फोनवर वेळ विचारली, कुणीतरी "या, या" म्हणालं आणि आम्ही पोचलो तो नेमका साप्ताहिक सुट्टीचा दिवस निघाला. ४६ मुलं बंद दारासमोर उभी होती. तेव्हापासून सहलीआधी पंधरा दिवस मी एक शनिवार काढते, एसटीने जाते आणि वहीत या गोष्टी टिपते:

- साप्ताहिक सुट्टी कोणती, दुपारी जेवणाची वेळ म्हणून बंद असतं का
- एका वेळी खोलीत किती मुलं मावतात (फुले वाड्याच्या खोल्यांत मी १५ पेक्षा जास्त पाठवत नाही)
- मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे, चालू आहे का
- फोटो काढू देतात का, आणि वही-पेन्सिल आत चालते का
- बस कुठे थांबणार

शेवटचा मुद्दा पेठांमध्ये फार महत्त्वाचा आहे. गंज पेठेच्या बोळात एसटीची मोठी गाडी जात नाही. जिथे उतरायचं तिथून चालत किती मिनिटं लागतात ते स्वतः चालून मोजा आणि त्यात मुलांसाठी निम्मी भर घाला. माझी आठ मिनिटं मुलांची तेरा झाली होती.

तिथल्या व्यवस्थापकांना किंवा रखवालदारांना भेटून या. "आठवीची मुलं घेऊन येतेय, त्यांना एवढं एवढं बघायचंय," असं समोर बसून सांगितलं की दुसऱ्या खेपेला वागणूक वेगळी असते. शाळेच्या लेटरहेडवर भेटीचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ती पोच सहलीच्या दिवशी पिशवीत असू द्या.

४. कागदपत्रं

सहलीची फाईल एकच ठेवा. त्यात हे सगळं असावं:

- मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव
- शिक्षण विभागाकडे पाठवलेला सहलीचा प्रस्ताव आणि आलेली परवानगी (महिनाभर आधी पाठवा, शेवटच्या आठवड्यात कुणीही सही करत नाही)
- प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र, त्यावर दोन फोन नंबर
- विद्यार्थ्यांची यादी तीन प्रतींत, एक बसमध्ये, एक तुमच्याकडे, एक शाळेत
- मुलांची शाळेची ओळखपत्रं
- कोणाला दमा, फिट, ॲलर्जी आहे त्याची वेगळी नोंद आणि त्यांची औषधं
- एसटीच्या प्रासंगिक कराराचा (सहलीसाठी पूर्ण गाडी भाड्याने घेण्याचा) अर्ज आणि पैसे भरल्याची पावती
- प्रथमोपचार पेटी, आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅड

शालेय सहलीला एसटी भाड्यात सवलत देते. त्यासाठी आगारात शाळेचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी घेऊन जा. डिसेंबर-जानेवारीत गाड्या मिळत नाहीत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधीच नोंदणी करून टाका. सोबत किमान दोन शिक्षिका हव्यातच.

५. भेटीचा दिवस

मुलांच्या हातात दहा प्रश्नांची छापील यादी देऊ नका. ती भरायच्या नादात मुलं वर मान करून बघत नाहीत, एकमेकांच्या वहीत बघतात. मी प्रत्येक मुलाला एकच काम देते: एक वस्तू किंवा एक जागा निवड, तिच्यासमोर दहा मिनिटं बस, आणि तिचं चित्र काढ. चित्र वाईट आलं तरी चालेल. चित्र काढताना डोळे जिथे जातात तिथे वाचताना जात नाहीत.

फुले वाड्यात आवारातली विहीर आणि मागचं तुळशीवृंदावन या दोन जागांवर मी मुलांना थांबवते. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुलं केलं. हे वाक्य पुस्तकात एका ओळीत संपतं. विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर मात्र आमच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग घरातलेही हेच पाणी प्यायचे?" मी "हो" म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे अजून आजी वेगळा तांब्या ठेवते." तो सगळा संवाद मी नंतर तिच्या परवानगीने, तिचं नाव न घालता, भिंतीवर लावला.

वृंदावनापाशी मुलांना मरणाची गोष्ट सांगा, मुलं ती नीट ऐकतात. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरं केलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलं गेलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. आपल्याला मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती, पण नगरपालिकेने घराच्या आवारात पुरायला परवानगी दिली नाही. दहन झालं. अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, धरून पुढे चालल्या. बाईने टिटवं धरलं, याचा अर्थ गावाकडच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

केसरी वाड्यातला सापळा असा. मुलं धरून चालतात की 'केसरी' याच वाड्यात जन्मला. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, आणि गायकवाड वाडा टिळकांनी घेतला १९०५ मध्ये. म्हणजे आपण १८९७ चा विचार करत असू तर टिळक तेव्हा या वाड्याचे मालक नव्हते. तसंच, 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. टिळक तेव्हा इंग्रजी 'मराठा' सांभाळत होते. हे माझ्याही पहिल्या प्रदर्शनात चुकलं होतं. मोठ्या फ्लेक्सवर "केसरीचे पहिले संपादक लोकमान्य टिळक" छापून टांगलं होतं आणि गावातले एक निवृत्त गुरुजी शांतपणे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आगरकरांना विसरलात, बाई." मला फार वाईट वाटलं, कारण वर्गात मी आगरकरांवर दोन तास बोलले होते.

६. वस्तू गावातूनच गोळा करा

संग्रहालयातून आपण वस्तू आणू शकत नाही, चित्रं आणतो. प्रदर्शनाला मात्र खरी वस्तू हवी, आणि ती गावात असते. पाटी-पेन्सिल, दौत-टाक, जुनी मोट किंवा तिचा उरलेला भाग, कंदील, जातं. एका पत्रकात पालकांना विनंती करा आणि प्रत्येक वस्तूची पावती द्या: वस्तू, कोणाची, कधी घेतली, कधी परत. परत करताना सही घ्या. जुनी वस्तू शाळेत हरवली तर पुढच्या वर्षी कुणी काहीही देणार नाही.

आमच्या १८७५ च्या गटातली एक मुलगी घरून प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद घेऊन आली. घड्या पडलेल्या जागी फाटलेला, पिवळा, मोडी अक्षरांचा, वर मुद्रांकाचा छाप. आजोबांच्या ट्रंकेत होता, घरात कुणालाच वाचता येत नव्हता. आम्ही तालुक्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते जमीन गहाण टाकल्याचं कर्जखत निघालं. सुप्याच्या दंग्यानंतरच्या काळातलं होतं, पण नमुना तोच. ज्या कागदांना शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये आग लावली, तसा एक कागद मुलांच्या हातात होता. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा का केला, हे मला त्या दिवशी शिकवावं लागलं नाही. तो कागद आम्ही दोन काचांमध्ये ठेवला, चारही बाजूंनी कापडी पट्टी लावली. असा कागद मिळाला तर त्याला गोंद, सेलोटेप, लॅमिनेशन यांपैकी काहीही लावू नका. लॅमिनेट केलेला जुना कागद पुन्हा सुटत नाही.

थर्माकोल वापरू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि पुठ्ठा जास्त टिकतो. फ्लेक्सचाही मोह टाळा. फ्लेक्स छापला की मुलांच्या हाताला काम उरत नाही आणि चूक दुरुस्त करता येत नाही.

७. पाट्या कशा लिहायच्या

सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. पाटीवर ५० शब्दांच्या वर जायचं नाही, हा आमचा नियम. पहिलं वाक्य समोरच्या वस्तूबद्दल, दुसरं माणसाबद्दल, शेवटी एक प्रश्न. "थोर", "महान", "अजरामर", "युगपुरुष" हे शब्द मी खोडते. मुलं आधी हिरमुसतात, मग थोर का ते सांगावं लागतं म्हणून पुस्तक उघडतात. असा एक नमुना:

"ही दगडी पाटी. १८४८ साली भिडे वाड्यात बसलेल्या मुलीच्या मांडीवर अशीच एखादी असेल. शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण-चिखल टाकत, म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत ठेवत. तुमच्या घरात शाळेत गेलेली पहिली बाई कोण?"

या शेवटच्या प्रश्नाखाली आम्ही कोरा कार्डशीट आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवलं. संध्याकाळपर्यंत तो भरला. बऱ्याच जणींनी आपलंच नाव लिहिलं होतं.

पाटी टांगायची उंची पाचवीच्या मुलाच्या डोळ्यांइतकी, साधारण चार फूट. मोठी माणसं वाकतात, मुलांना टाचा उंच करायला लावू नका. अक्षर एवढं मोठं की पाच फुटांवरून वाचता यावं. नावांचं लिखाण एकसारखं ठेवा. जोतीराव, जोतिराव, ज्योतिबा, ज्योतिराव असं चार भिंतींवर चार तऱ्हेने येतं. एक रूप ठरवा आणि फळ्यावर लिहून ठेवा. आम्ही जोतीराव घेतलं.

सुविचारांची वेगळी तपासणी करा. मोबाईलवर फिरणाऱ्या सुविचारांत नाव कुणाचं, वाक्य कुणाचं, काही नेम नसतो. आमचा नियम असा की कुठल्या लिखाणात, कोणत्या साली, हे मुलाला सांगता आलं नाही तर ते वाक्य भिंतीवर लागत नाही. "विद्येविना मती गेली" हे 'शेतकऱ्याचा असूड'मधलं, १८८३ च्या सुमाराचं. ते १८४८ च्या भिंतीवर लावू नका. टिळकांची स्वराज्याची घोषणा होमरूलच्या दिवसांतली, १९१६ च्या आसपासची. १८९७ च्या खटल्याच्या भिंतीवर ती शोभत नाही, कितीही ओळखीची असली तरी. छायाचित्रांचंही तेच. आपल्याला दिसणारी बरीच चित्रं नंतरच्या चित्रकारांनी काढलेली आहेत, आणि आता तर संगणकाने रंगवलेली, बनवलेलीही येतात. चित्राखाली "छायाचित्र" की "चित्र" एवढं तरी लिहा.

८. मतभेदाची भिंत

इथे शिक्षकाला धीर लागतो. पण ही भिंत नसेल तर बाकीचं सगळं सजावट ठरतं.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलीचं, ती विवाहित असली तरी, संमतिवय म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय १० वरून १२ करायचं होतं. रानडे, आगरकर कायद्याच्या बाजूने होते. टिळकांचा विरोध होता, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये असं त्यांचं म्हणणं. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्याच मांडवात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरवायची की नाही यावर शहर दुभंगलं. आधी स्वराज्य की आधी सुधारणा, हा वाद दोन गटांनी दोन पाट्यांवर मांडायचा, आणि प्रत्येक गटाने आपल्याला न पटणारी बाजू लिहायची. हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. आगरकर आवडणाऱ्या मुलाला टिळकांचं म्हणणं असं लिहावं लागतं की टिळकांना ते आपलं वाटेल.

मुलं अवघड प्रश्न विचारतील. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी गेल्यावर १८७३ मध्ये ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं, हे कळल्यावर एक मुलगा चिडून म्हणाला, "म्हणजे बोलायचं एक आणि करायचं एक." मी रानड्यांची बाजू सावरली नाही. वडिलांच्या आग्रहापुढे ते झुकले, हे सांगितलं. त्यांनी रमाबाईंना घरातल्या बायकांच्या विरोधात शिकवलं, आणि त्याच रमाबाई पुढे पुण्यात सेवासदन उभं करायला पुढे झाल्या, हेही सांगितलं. दोन्ही गोष्टी पाटीवर गेल्या. मुलाने स्वतः लिहिली ती पाटी.

पालकांची तक्रार येऊ शकते. "आमच्या माणसाला कमी दाखवलं" असं एक गृहस्थ एकदा जोरात बोलले. म्हणून पुराव्याची फाईल ठेवा: प्रत्येक पाटीला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाखाली ते वाक्य जिथून घेतलं त्या पानाची झेरॉक्स. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य सरकारने छापलं आहे, तालुक्याच्या वाचनालयात मिळतं. त्या गृहस्थांना मी खुर्ची दिली, फाईल पुढे ठेवली. त्यांनी अर्धा तास वाचलं. शेवटी म्हणाले, "हे माहीत नव्हतं." तक्रार मागे घेतली नाही, पण दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन आले.

९. प्रदर्शनाचा दिवस

प्रमुख पाहुण्यांची भाषणं भिंतींपासून लांब ठेवा, मैदानात. दालनात बोलायचं ते मुलांनी. प्रत्येक भिंतीपाशी दोन मुलं, अर्ध्या तासाने बदली. त्यांनी पाटी वाचून दाखवायची नाही, पाटीत नाही ते सांगायचं. आदल्या दिवशी चौथीच्या मुलांना बोलावून सराव करा. चौथीची मुलं कंटाळली तर बोलणं लांबलं असं समजा.

वेळ सकाळी ९ ते १२ ऐवजी दुपारी ४ ते ७ ठेवा. शेतावरून परतलेले पालक तेव्हा येतात. शेजारच्या अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे लोक, बचत गटाच्या बायका यांना मुलांनी हाताने लिहिलेली निमंत्रणं द्या. आमच्याकडे बचत गटाच्या बायका १८४८ च्या भिंतीसमोरून हलत नव्हत्या.

आवरताना पाट्या फेकू नका. पुठ्ठे वर्षाप्रमाणे गठ्ठ्यांत बांधा, वर मुलांची नावं लिहा, चुका लाल पेनाने पाठीमागे नोंदवा. पुढच्या आठवीला त्याच चुका दुरुस्त करायला द्या. वस्तू त्याच संध्याकाळी पावतीप्रमाणे परत करा. कर्जखत मी स्वतः त्या मुलीच्या घरी नेऊन दिलं. आजोबांनी काचेसकट कपाटात ठेवलं आणि त्यात काय लिहिलंय ते मला पुन्हा एकदा, सावकाश, वाचायला सांगितलं.